वस्तऱ्याला धार लावायला शिकताय? पहिल्या दगडावरून घाईने उठू नका

पुण्याच्या जुन्या बाजारात एका चादरीवर गंजलेले पाने, कुलपं आणि पितळी नळ मांडले होते. त्या ढिगात मला इंग्लंडमधल्या शेफिल्डचा एक वस्तरा सापडला. पात्यावर काळे डाग होते, मूठ शिंगाची होती आणि मुठीजवळच्या पोलादावर मुकुट आणि ‘व्ही आर’ ही अक्षरं होती. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतला, १८३७ ते १९०१ या काळातला. घरी आणला, दगड मागवले आणि कामाला लागलो. १००० नंबरच्या दगडापासून सुरुवात करायची, १२००० पर्यंत जायचं (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), चामोटीवर, म्हणजे धार शेवटी घासायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, फिरवायचा आणि गालाला लावायचा. केस कापायच्या ऐवजी तो ओढायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांत असं अकरा वेळा केलं.

चूक एकच होती आणि ती दर वेळी पहिल्याच दगडावर होत होती. ती कुठे होते, कशी ओळखायची आणि बाकीच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने करायच्या, ते सगळं इथे लिहितोय. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून.

एक खुलासा आधीच करतो. हल्ली सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो त्यात अर्धं ब्लेड बसवलेलं असतं आणि दर गिऱ्हाइकाला ते बदलतात. त्याला धार लावायचा प्रश्न येत नाही. हा लेख अखंड पोलादी पात्याच्या, मुठीत मिटणाऱ्या जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याबद्दल आहे.

१. वस्तरा हातात घेऊन नीट बघा

पात्याची कापणारी कड म्हणजे धार. तिच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. मुठीकडचा कोपरा टाच, लांबचा कोपरा टोक. धारेच्या अगदी लगत दोन्ही बाजूंना एक बारीक चकचकीत पट्टी दिसते, तिला बेव्हल म्हणतात. या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात, तीच धार.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने धरावा लागतो. वस्तऱ्यात तो बनवणाऱ्यानेच देऊन ठेवलेला असतो. पातं दगडावर आडवं टेकवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. पाठ ५ मिलिमीटर जाड असेल आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर १७ मिलिमीटर असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे १७ अंश होतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला साधारण ३० ते ४० अंश असतात. म्हणजे वस्तऱ्याची धार सुरीच्या निम्म्याने निमुळती.

म्हणून नियम असा: दगडावर असताना पाठ कधीही उचलायची नाही. एका फेरीत जरी ती उचलली गेली, तरी धार दगडावर उभी राहते आणि तासाभराचं काम वाया जातं.

२. शिकायला कोणता वस्तरा घ्यावा

शक्य असेल तर दोन घ्या. एक असा, की जो जाणत्या माणसाने धार लावून दिलेला आहे. दुसरा जुना, स्वस्तातला, हात बसवण्यासाठी. धार लागलेला वस्तरा गालावर कसा फिरतो हे एकदाही अनुभवलं नसेल, तर आपली धार बरी की वाईट हे कशावरून ठरवणार? मी हे केलं नव्हतं. पुढे एका विक्रेत्याकडून ‘दाढीसाठी तयार’ असं लिहिलेला नवा वस्तरा मागवला, तर तोही केस ओढत होता. कारखान्यातून आलेली धार बहुतेकदा पुरती नसते. तेव्हा ज्याच्याकडून घ्याल त्याला थेट विचारा: तुम्ही स्वतः दगडावर घेतलाय का, आणि शेवटचा दगड कोणता वापरलात?

जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात बघताना एवढं तपासा:

धार समोर धरून बघा. ती सरळ असावी किंवा हलकीशी बाहेर फुगलेली असावी. मध्ये आत गेलेली असेल तर सोडून द्या, ती सरळ करणं नवशिक्याचं काम नाही. पात्याला तडा असेल, अगदी केसाएवढा जरी, तरी घेऊ नका. पात्याच्या मध्यावरचे काळे डाग चालतात, पण धारेच्या लगत गंजाचे खड्डे असतील तर दगडावर घासता घासता धार त्या खड्ड्यात येऊन पोचते आणि तुटते. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली आहे का तेही पाहा. एका बाजूला रुंद सपाट पट्टा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा वस्तरा त्रास देतो. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. शिकायला पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश घ्या.

हस्तिदंती मूठ म्हणून कोणी विकत असेल तर लांब राहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. शिंग, लाकूड किंवा प्लास्टिकची मूठ उत्तम.

जर्मनीतल्या सोलिंगेनच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्या शहराच्या जुन्या मालावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण शिक्का चांगला म्हणजे धार चांगली असं नसतं. ती कोणी, कशी राखली त्यावर सगळं आहे.

वापरलेला वस्तरा घरी आणल्यावर साबणाने धुवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लीचमध्ये बुडवू नका, पोलाद खाऊन टाकतं. आणि एक वस्तरा दोघांनी वापरू नका, घरातल्या घरातही नाही. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

३. काय काय लागेल

- १००० नंबरचा पाण्याचा दगड. किंग कंपनीचा मिळतो, १००० आणि ६००० असा जोडदगडही मिळतो.
- ४००० ते ५००० चा एक आणि ८००० चा एक. नॉर्टनचा ४०००/८००० जोडदगड बरेच शिकणारे वापरतात.
- शेवटचा १२००० चा. नानिवाचा मी वापरतो. सुरुवातीला नसला तरी चालेल.
- दगड सपाट करायला डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पाटी), किंवा जाड काच आणि वॉटर पेपर.
- चामोटी.
- काळा मार्कर पेन.
- भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, १० पट मोठं दाखवणारं. ३० पटीचं मिळालं तर फारच छान.
- वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी.
- पाण्याची फवारणी बाटली, दोन जुने सुती पंचे, तुरटी.

सगळे दगड एकदम घेणं परवडत नसेल तर दुसरा रस्ता आहे: लॅपिंग फिल्म. ऑप्टिकल फायबरची टोकं चकचकीत करायला हा प्लास्टिकचा पातळ कागद वापरतात. १२, ९, ३ आणि १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तुकडे घ्यायचे, काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीची काच कडा घासून आणायची आणि पाणी मारून फिल्म तिच्यावर चिकटवायची. काच मुळातच सपाट असल्यामुळे पुढच्या पायरीची कटकट वाचते. फिल्म लवकर झिजते, पण पहिल्या दोन-तीन वस्तऱ्यांसाठी पुरेशी आहे.

नंबरांचा एक घोटाळा पैसे फुकट घालवतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉटर पेपरवर पी २००० लिहिलेलं असतं आणि जपानी दगडावरही २००० असतं, पण मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत. पी २००० कागदाचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात. जपानी २००० चे सुमारे ६.७ आणि ८००० चे सुमारे १.२ मायक्रॉन. म्हणजे तो २००० चा कागद जपानी १००० च्या दगडाच्या जवळपासचं काम करतो.

बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळा कोटिक्युल, अमेरिकेतला आर्कान्सास, क्योटोजवळच्या डोंगरातले जपानी दगड यांच्याबद्दल वाचून तुम्हाला मोह होईल. सुंदर दगड आहेत. पण नैसर्गिक दगड प्रत्येक वेगळा वागतो आणि चूक हाताची की दगडाची, हे नवशिक्याला कळत नाही. पहिलं वर्ष कारखान्यातल्या दगडांवरच काढा.

दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. कात्री, कोयता, विळी यांवर त्यांचा हात चांगला असतो. पण कोरड्या फिरत्या चाकावर वस्तऱ्याचं पातळ पातं क्षणात तापतं आणि धारेवर निळसर झाक दिसली की तिथलं पोलाद मऊ पडलं. ते परत येत नाही.

४. दगड सपाट करा

नवा दगडसुद्धा सपाट नसतो. त्याच्यावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढा, पाणी मारा आणि डायमंड प्लेटवर किंवा काचेवर पसरलेल्या ३०० ते ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. मध्ये कुठे रेघ उरली तर तिथे खड्डा आहे. कडाही जरा घासून गोल करा, नाहीतर त्या धारेला लागतात. प्रत्येक वस्तऱ्याआधी हे करायचं.

किंगचा १००० दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवावा लागतो. शॅप्टनसारखे दगड भिजत घालायचे नसतात, वरून पाणी मारलं की पुरे.

५. हात बसवा

दगड ओल्या पंच्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. बसून काम करत असाल तर मांडीवर काही घेऊ नका. मुलं झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावर बसा. वस्तरा हातातून निसटला तर धरायला जाऊ नका, पडू द्या.

वस्तऱ्याची मूठ उघडून ठेवा आणि पात्याच्या मागचा पोलादी दांडा अंगठा आणि तर्जनीत धरा. मनगट सैल. पातं दगडावर ठेवा: पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. धार पुढे ठेवून, म्हणजे दगडावरून पातळ साल काढायची असल्यासारखं, पातं आपल्यापासून लांब ढकला. ढकलताना ते थोडं मुठीच्या दिशेने ओढत न्या. टाचेपासून सुरू झालेली फेरी टोकाशी संपली पाहिजे. मग पातं पाठीवरून उलटवा, धार नेहमी वर राहील असं. परत येताना धार आपल्याकडे आणि सुरुवात पुन्हा टाचेपासून. दोन्ही फेऱ्यांच्या वाटा मिळून फुलीसारखा आकार होतो.

टाचेजवळ पात्याला जोडून जो जाड भाग असतो तो दगडावर चढता कामा नये. चढला की टाच उचलली जाते आणि तिथली धार दगडाला लागतच नाही. टाच जराशी पुढे ठेवून पातं तिरपं धरलं की हे टळतं.

उलटवणं आधी लोणी लावायच्या बोथट सुरीने शिका. चार-पाच दिवस रोज दहा मिनिटं. हाताला पाठीवरून वळायची सवय लागली पाहिजे, विचार करावा लागता कामा नये.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वापरला. दगड काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि वस्तरा फिरवत बघायचं. १००० वर मी दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास राहतो. शेवटच्या दगडावर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन, त्याहून जास्त नाही. दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या पातळ पात्याला जास्त दाब दिला तर ते वाकतं आणि धार दगडावरून वर उचलली जाते.

आमच्या गावात एक नाभिक काका आहेत, दुकान मुलाकडे दिलंय. त्यांना मी माझा हात दाखवला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. दगडावरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. धार दगडाला नीट लागली असेल तर तिच्यापुढे पाण्याची एक बारीक लाट चालते आणि ते पाणी धारेवरून पात्यावर चढतं, टाचेपासून टोकापर्यंत सारखं. माझं पाणी टोकाजवळ धारेच्या खालून निघून जात होतं. तेवढ्या भागात धार दगडाला लागत नव्हती. आजही मी फेरी मारताना पाण्याकडेच बघतो.

६. बेव्हल बसवा: १००० चा दगड

सगळं काम इथे आहे. पुढचे दगड फक्त ओरखडे बारीक करतात, ते नवी धार बनवत नाहीत. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या इथे एकमेकींना भेटल्या नसतील तर १२००० पर्यंत जाऊन काही उपयोग नाही.

आधी पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावा. पाठ झिजत नाही. कोन साधारण एका अंशाने वाढतो, तो चालतो. पट्टी झिजली की बदला आणि एकदा लावली की शेवटच्या दगडापर्यंत लावलेलीच ठेवा. मध्येच काढली तर कोन बदलतो आणि धार दगडाला लागत नाही.

आता काळ्या मार्करने दोन्ही बाजूंचं बेव्हल रंगवा. हलक्या हाताने चार फेऱ्या मारा आणि भिंगातून बघा. शाई जिथून गेली तिथे दगड लागतोय. जिथे राहिली तिथे नाही.

माझा वस्तरा असा रंगवून पाहिला ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. बेव्हलच्या वरच्या अर्ध्या भागातली शाई साफ गेली होती. पण धारेच्या अगदी कडेला, केसाएवढ्या रुंदीची, काळी रेघ टाचेपासून टोकापर्यंत तशीच होती. टोकाकडच्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये तर ती चांगली जाड होती. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं वापरून गोल केलेली धार अजून जशीच्या तशी होती. चार महिने मी धारेच्या खांद्याला चकाकी आणत होतो. धारेला दगड शिवलाच नव्हता.

तर करायचं असं. २० फेऱ्या, मग पुन्हा शाई, पुन्हा भिंग. जुन्या वस्तऱ्याला हे तास-दोन तास चालू शकतं. मला त्या दिवशी दोन बैठका लागल्या. छोटे गोल फिरवूनही चालतं, एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा, आणि शेवटी फुलीच्या फेऱ्या. दोन्ही बाजूंना मोजून सारखंच काम द्या. दगडावर राखाडी गाळ साचतो, तो पोलादाचा आणि दगडाचा आहे, अधूनमधून पाण्याने धुवा.

झालं हे कसं ओळखायचं? तीन खुणा, तिन्ही मिळायला हव्यात.

पहिली खूण प्रकाशाची. धार वर करून, सरळ डोळ्यासमोर, टेबललॅम्पखाली धरा आणि पातं हळूहळू हलवत धारेकडे वरून बघा. कुठेही पांढरा ठिपका किंवा बारीक चमकती रेघ दिसली तर तिथे धार बोथट आहे. प्रकाश परतवायला तिथे सपाट जागा शिल्लक आहे. खरी धार दिसत नाही. दोन पट्ट्या एकमेकींना भेटल्या की मध्ये चमकायला काही उरतच नाही, फक्त काळोखी रेघ. नवशिक्याला हे उलटं वाटतं, कारण चमकणारी धार तिखट अशी आपली समजूत असते.

दुसरी खूण टोमॅटोची. पिकलेला टोमॅटो घ्या आणि दाब न देता फक्त पात्याच्या वजनाने साल कापली जाते का पाहा. टाच, मध्य आणि टोक, तिन्ही ठिकाणी. एका जागी साल दबून घसरली तर तो भाग अपुरा आहे.

तिसरी हातावरच्या केसांची. कातडीला टेकवून केस अलगद निघाले पाहिजेत, पात्याच्या सगळ्या लांबीवर.

तिन्ही खुणा मिळेपर्यंत १००० वरच राहा. हात दुखला तर उद्या बसा. पुढच्या दगडावर जायची फार घाई होते, तो बारीक, गुळगुळीत दगड खुणावतो. पण एक सेंटिमीटर जरी राहिला तरी दाढी करताना नेमका तोच सेंटिमीटर हनुवटीवर येतो.

आणखी एक सापळा: जोर देऊन घासत राहिलं तर धारेवर पोलादाची पातळ झालर उभी राहते, कारखान्यात तिला बर म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडे, धारेला आडवं, अलगद ओढून पाहिलं की एका बाजूला खरखर लागते. घाबरायचं कारण नाही. शेवटच्या वीस फेऱ्या निव्वळ पात्याच्या वजनाने मारा, एक या बाजूने एक त्या बाजूने, ती झिजून जाते.

७. मधले दगड

४००० वर ३०–४० फेऱ्या, हळूहळू दाब कमी करत. भिंगातून १००० चे ओरखडे गेलेले दिसले की ८००० वर तेवढ्याच. दगड बदलण्याआधी पातं, हात आणि पंचा धुवा. १००० चा एक कण ८००० च्या दगडावर आला तर तो धारेवर लांबच लांब चरा काढतो.

८००० वर धार दाढीला पुरेशी होते. पहिल्या तीन-चार वस्तऱ्यांना इथेच थांबून दाढी करून बघा, असं मी सांगेन. इथली दाढी बरी झाली नाही तर दोष १००० वरचा आहे आणि तो शोधायला इथून परत जाणं सोपं.

८. शेवटचा दगड

१२००० वर भरपूर पाणी आणि वीसेक फेऱ्या. वस्तऱ्याला आता ढकलायचं नाही, नुसतं वाट दाखवायची. दगड पातं धरून ठेवतोय असं वाटायला लागतं, काचेला ओला कागद चिकटावा तसं. ही चांगली खूण आहे. इथे जास्त फेऱ्यांचा मोह धरू नका. धार अति पातळ झाली की तिचे सूक्ष्म कण तुटायला लागतात. पहिल्या दाढीला सुरेख, तिसऱ्या दाढीला बोथट, असा अनुभव आला तर बहुधा हेच झालेलं असतं. अशा वेळी ८००० वर दहा हलक्या फेऱ्या मारून पुन्हा वर या.

९. चामोटी

इथे दिशा उलटी. दगडावर धार पुढे असते, चामोटीवर पाठ पुढे आणि धार मागून घसटत येते. धार पुढे केलीत तर चामडं कापलं जाईल आणि धारही जाईल. चामोटीवर जी पहिली खाच पडते ती बहुतेकांच्या हातून वळवतानाच पडते: फेरी संपायच्या आतच मनगट फिरतं आणि धार चामड्यात रुतते. आधी पातं थांबवा, मग पाठीवर उलटवा, मग परत या. वेग नंतर आपोआप येतो.

पहिले पंधरा दिवस चामडं वापरूच नका. लाकडी फळीवर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ताणून बांधा आणि त्यावर शिका. शाईतल्या काजळीमुळे धारेला हलका हातही मिळतो, आणि कागद फाटला तर दुसरा आहेच.

चामोटी घेताना किमान अडीच-तीन इंच रुंद आणि साध्या, न रंगवलेल्या चामड्याची घ्या. पँटचा जुना पट्टा चालत नाही, त्यावरचं चकचकीत रसायन मध्ये येतं. टांगलेली चामोटी ताठ ओढून धरा. ती झोळीसारखी खाली गेली तर चामडं धारेला वळसा घालतं आणि धार गोल होते. दगडावरून आलेल्या वस्तऱ्याला आधी जाड सुती कापडावर २०–३० आणि मग चामड्यावर ५०–६० फेऱ्या. रोजच्या दाढीआधी चामड्यावर ३०–४० पुरतात. दाब नाही, पाठ चामड्याला कायम टेकलेली.

१०. दाढी हीच कसोटी

लटकत्या केसावर धार तपासायची पद्धत तुम्ही ऐकली असेल: विंचरताना गळलेला केस मुळाकडून धरून धारेवर सोडायचा, तो तुटला की धार लागली. मीही करतो, पण केस जाड की पातळ, ओला की कोरडा यावर निकाल बदलतो. गाल खोटं बोलत नाही.

कोमट पाण्याने चेहरा चांगला भिजवा, साबणाचा दाट फेस, कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली आणि पातं कातडीपासून साधारण ३० अंशांवर. पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गाल, केसांच्या दिशेने. हनुवटी आणि ओठावरचा भाग दोन-तीन आठवड्यांनी. कापलं तर थंड पाणी आणि तुरटी.

मग निदान करा. सगळीकडे ओढतोय तर बेव्हल अपुरं आहे, १००० वर परत. एकाच जागी ओढतोय तर पात्याचा तेवढा भाग मार्करने तपासा. केस निघतात पण कातडी चरचरते, तर ८००० किंवा १२००० वर काम कमी पडलंय, नाहीतर चामोटी कमी झालीय. दगडावरून उतरला तेव्हा उत्तम होता आणि चामोटीनंतर बिघडला, तर चामोटीवर पाठ उचलली जातेय.

एकदा नीट लागलेली धार रोज चामोटी केली तर बरेच आठवडे टिकते. ओढायला लागला की फक्त शेवटच्या दगडावर १५–२० फेऱ्या. खाच पडल्याशिवाय १००० कडे जायचं नाही, दर वेळी पोलाद झिजतं.

११. आपल्या हवेत वस्तरा जपणं

हे पोलाद स्टेनलेस नसतं आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. कोकणात, मुंबईत तर एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके येतात. दाढी झाल्यावर पातं धुवा, पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या फटीतलं पाणी कागदाच्या सुरळीने टिपा आणि सुती कापडावर दहा फेऱ्या मारा. न्हाणीघरात ठेवू नका. चामड्याच्या म्यानातही नको, ते ओल धरून ठेवतं.

खोबरेल तेल लावायची सवय आपल्याकडे आहे, पण ते थंडीत गोठतं आणि हळूहळू चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल उत्तम, एक थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजूंना.

जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी असतील, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीच्या, तर त्या वेगळ्या ठेवा. त्या जुन्या झाल्या की आंबट वाफा सोडतात आणि शेजारच्या वस्तऱ्यालाही गंज चढतो.

माझे वस्तरे स्टीलच्या डब्यात असतात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. जून ते सप्टेंबर दर रविवारी डबा उघडतो, प्रत्येक पातं भिंगाखाली धारेकडून बघतो आणि तेलाचा बोळा फिरवतो. दाढीला घ्यायच्या आधी ते तेल कोरड्या पंच्याने पूर्ण पुसायचं, मगच चामोटी. नाहीतर चामडं तेलकट होऊन पातं घसरायला लागतं.